मुद्दाम चुकणारा

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध थांबली. आत एकटी खात्री. एका हातात ओली छत्री, खांद्याला पिशवी, पिशवीत कोरी करकरीत वही. तिने एक बटण दाबलं, मग दुसरं, मग सगळीच दाबली. शेवटी घंटा वाजवली तेव्हा वरच्या फटीतून आवाज आला —

"घाबरू नका. आलोय मी."

"मी म्हणजे कोण?"

"लिफ्टवाला."

"कशावरून?"

अडकलेली माणसं रडतात, ओरडतात, देवाचा धावा करतात. पुरावा मागणारं माणूस त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटत होतं.

"ओळखपत्र आहे माझ्याकडे," तो म्हणाला.

"मग टाका ना आत."

फटीतून ओळखपत्र सरकत खाली आलं. खात्रीने ते उजेडाकडे धरलं, शिक्का पाहिला, मुदत पाहिली.

"फोटोत मिशी आहे."

"काढली."

"कधी?"

"मॅडम... आधी वर येता का? मिशीचा सगळा इतिहास सांगतो मग. हात द्या."

दरवाजा हातभर उघडला होता. वरून एक तळहात आला... मोठा, ग्रीसने काळा झालेला. खात्रीने त्या हाताकडे पाहिलं, जरा विचार केला आणि आपल्या हाताऐवजी छत्रीची मूठ पुढे केली. वरून हसण्याचा आवाज आला. मग छत्रीच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला ती, अशी ती तिसऱ्या मजल्यावर पोहोचली. वर आल्यावर तिने पाहिलं तर गडी अजून हसत होता, आणि बिनमिशीचा बरा दिसत होता. पण हे तिने स्वतःलाही त्या दिवशी कळू दिलं नाही.

खात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. इस्पितळातल्या लोकांनी ते पाडलं होतं. तिथल्या निर्जंतुकीकरण विभागात ती काम करायची. शस्त्रक्रियेची हत्यारं धुवायची, पुसायची, कापडात बांधायची आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घालायची. प्रत्येक पुडक्यावर एक फिकट पट्टी चिकटवलेली असते. वाफ पुरेशी लागली की ती काळी होते. पट्टी काळी झाली नसेल तर साक्षात मोठ्या डॉक्टरांनी शपथ घेतली तरी खात्री पुडकं सोडायची नाही. शिवाय रजिस्टर होतंच. प्रत्येक नोंदीपुढे दोन सह्या — एक यंत्र भरणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. दुसरी सही असल्याशिवाय पहिलीला काडीची किंमत नाही. सहा वर्षं हे काम केल्यावर तिला आख्खं जगच बिनपट्टीच्या पुडक्यासारखं दिसू लागलं, तर त्यात तिचा तरी काय दोष?

आणि त्यात ताईचं प्रकरण. थोरली बहीण परिचारिका. परदेशी पाठवतो म्हणून एक गोडबोल्या माणूस वर्गात शेजारी येऊन बसायचा, अभ्यासात मदत करायचा, आणि एके दिवशी ताईसकट सातजणींची मूळ प्रमाणपत्रं घेऊन जो गेला तो गेलाच. ती प्रमाणपत्रं नव्याने मिळवेपर्यंत ताईचं वय उलटून गेलं. आता परदेशी जायची पाळी खात्रीची होती. तिकडच्या एका इस्पितळाने तिला पसंत केलं होतं, फक्त जर्मनची परीक्षा पार पडायला हवी होती. दहा आठवड्यांचा वर्ग, आणि शेवटी संस्थेचे संचालक ठरवतील त्यांनाच परीक्षेला बसवणार. पहिल्या यादीत नाव आलं पाहिजे, एवढं एकच घोकत ती त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात शिरली.

पुढच्या बाकावर बसून तिने वही उघडली, तारीख घातली, मागे वळून पाहिलं — आणि शेवटच्या बाकावर लिफ्टवाला!

"तुम्ही इथे?"

"शिकायला."

"जर्मन? लिफ्टवाल्याला?"

"जुन्या यंत्रांची पुस्तकं जर्मनमध्ये असतात," तो म्हणाला आणि रुमालाने एकेक बोट पुसू लागला.

उत्तर बरोबर होतं, पण जरा जास्तच बरोबर. खात्रीच्या मनात पाल चुकचुकली.

बाईंचा वर्ग म्हणजे मात्र पर्वणी होती. पांढरे केस, कडक इस्त्री, आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या माणसाची झोप उडावी. सत्तावीस वर्षं त्या जर्मन शिकवत होत्या आणि त्यांची रीत ठरलेली होती — एका तासाला एक अनियमित क्रियापद. आधी अर्थ, मग रूपं, मग वापर. फळ्याचे तीन भाग आखायच्या आणि तिन्ही भरल्याशिवाय कुणाला घरी सोडायच्या नाहीत.

"अनियमित क्रियापदं म्हणजे घरातली लाडावलेली पोरं," त्या म्हणायच्या. "नियम बाकीच्यांना, ह्यांना नाही. आणि अडलंनडलं काम मात्र ह्यांच्यावाचून होत नाही. जाणं, येणं, घेणं, देणं, खाणं, पिणं... बघा, सगळी वाकडी!"

पहिलं क्रियापद होतं नेमन, म्हणजे घेणं. इश नेमे, मी घेतो. डू निम्स्ट, तू घेतोस. गोळी घ्यायची तर नेमन, बस पकडायची तरी नेमन, बसायला जागा घ्यायची तरी नेमनच. बाई भराभर लिहीत होत्या. मग भूतकाळाच्या ओळीवर खडू टेकला आणि तिथेच राहिला.

"भूतकाळ..." बाई म्हणाल्या. "भूतकाळ..."

मागून आवाज आला, "बाई, नेमटे?"

"नेमटे?" बाई गर्रकन वळल्या. "हे काय बाजारातून आणलंस? नाम! इश नाम! आणि तिसरं रूप गेनोमन. नेमन, नाम, गेनोमन. दहादा लिही!"

सगळे हसले. लिफ्टवाल्याने मान खाली घालून लिहायला घेतलं. खात्री हसली नाही. तिच्या कानाला काहीतरी खटकलं होतं. वर्गातल्या पंधराच्या पंधराजणांची जीभ त्या परक्या अक्षरांवर अडखळत होती. हा मात्र रूप चुकीचं सांगत होता आणि उच्चार थेट बाईंसारखा करत होता. चुकणाऱ्या माणसाची जीभसुद्धा चुकायला नको का?

त्या दिवसापासून तिने त्याच्यावर पाळतच ठेवली म्हणा ना. दर तासाला तो एक-दोनदा हमखास चुकायचा, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. घरचा अभ्यास तपासायला वही मागितली की त्याची वही नेमकी घरी राहिलेली. हजेरीत त्याचं नाव पुकारलं जात नव्हतं. आणि खिशात एक छोटी निळी वही होती. तास चालू असताना घड्याळात बघून तीत तो काहीतरी टिपायचा. चौथ्या आठवड्यात तर तो शेवटच्या बाकावरून उठला आणि बरोब्बर खात्रीच्या मागे येऊन बसला. कुठेतरी पाणी मुरत होतं, यात तिला शंकाच उरली नाही.

ती लिफ्ट टाळून जिन्याने जायची. एके संध्याकाळी जिन्यात तोही बरोबर चढू लागला. खिडकीबाहेर बारीक भुरभुर चालू होती आणि जिन्याला ओल्या छत्र्यांचा वास येत होता.

"लिफ्टवाला असून जिने चढता?"

"तुम्ही चढता म्हणून. लिफ्टवर तुमचा विश्वास नाही, आमच्या धंद्याची बदनामी होते."

"माझा कशावरच नाही."

"माणसांवर?"

"माणसांवर तर नाहीच. लिफ्टला निदान तपासणीचा दाखला असतो."

तो दोन पायऱ्या पुढे गेला आणि वळला. मग म्हणाला, "मग माणसाने काय करावं? कुठून आणावा दाखला?"

"खरं बोलावं," खात्री थांबून म्हणाली. "त्या निळ्या वहीत काय लिहिता?"

त्याचा हात नकळत खिशाकडे गेला. चेहऱ्यावरचं हसू क्षणभर मावळलं... आणि पुन्हा आलं, पण आता ते ओढूनताणून आणलेलं होतं.

"हिशोबाची वही आहे," तो म्हणाला.

"कसला हिशोब?"

"सेकंदांचा."

हे काय उत्तर झालं? पण जिना संपला होता, आणि खात्रीच्या छातीत जे धडधडत होतं ते तीन मजले चढल्यामुळे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

घरी तिने ताईला सगळं सांगितलं. ताई कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

"दिसायला कसा आहे?"

"त्याचा काय संबंध?"

"म्हणजे बरा आहे," ताई म्हणाली. "माझ्यावेळचाही बराच होता. असाच जवळ येऊन बसायचा, असाच गोड बोलायचा, आणि त्यालाही सगळं येत असून काही येत नाही असं दाखवायचा. मी दुधाने पोळले गं बाई. तू ताक फुंकून पी."

"पण ताई, तो कागदपत्रांबद्दल एक अक्षर बोललेला नाही."

"माझाही शेवटच्या आठवड्यापर्यंत बोलला नव्हता."

एवढं ऐकल्यावर खात्रीला कुठली झोप? वर्गात पंधराजण होते. प्रत्येकाची कागदपत्रं, प्रत्येकाची पहिली यादी. आपण ओळखलंय आणि गप्प बसलोय, हे तिला सोसवेना. आणखी एक गोष्ट सोसवत नव्हती, ती म्हणजे तो तसा निघू नये असं तिला फार फार वाटत होतं. सहा वर्षांत एकाही पुडक्याची पट्टी काळी व्हावी म्हणून तिने नवस केला नव्हता. याच्या बाबतीत मात्र ती तेच करत होती.

सातव्या आठवड्यात, शुक्रवारी, क्रियापद होतं हेल्फन, मदत करणं. इश हेल्फे, डू हिल्फ्स्ट. मदत कुणाची नाही, तर कुणाला करायची ते लक्षात ठेवा, असं बाई बजावत होत्या. मग भूतकाळाची ओळ आली आणि खडू थांबला. मागे बाक करकरला. आता तो बोलणार, हे ओळखून खात्री ताडकन उभी राहिली.

"बाई, ह्यांना बोलू देऊ नका! हे मुद्दाम चुकतात. ह्यांना सगळं येतं. हजेरीत ह्यांचं नाव नाही, वही नाही, आणि तासभर कसल्या नोंदी करतात ते विचारा एकदा!"

सगळ्या माना मागे वळल्या. लिफ्टवाला उभा होता. तिला वाटलं होतं तो चिडेल, उलटून बोलेल, नाहीतर पळ काढेल. तो तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. तो बाईंकडे बघत होता.

बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. खडू तिथेच टेकलेला.

"भूतकाळ," त्या म्हणाल्या. "मदत करणं. मदत... केली." आवाज बारीक झाला. "केली... केली..."

कुणीच हललं नाही. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग बाईंनी खडू ठेवला, हात झटकले आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "आज इथेच थांबू."

अशा गोष्टींना पाय फुटायला कितीसा वेळ लागतो? सोमवारपर्यंत संचालकांच्या कानावर गेलं. लगेच सूचना लागली — नोंदणी नसलेल्या कुणीही वर्गात बसू नये. आणि शुक्रवारी संचालक स्वतः बाईंच्या तासाला बसतील. बाईंचं काय करायचं आणि पहिल्या यादीत कुणाला घ्यायचं, दोन्ही त्या तासावरून ठरेल.

सूचना वाचून खात्री वळली तर मागे लिफ्टचा दरवाजा उघडा, आणि आतल्या तारांत डोकं घातलेला तो. ती जवळ जाऊन उभी राहिली.

"मावशी आहे ती माझी," तो डोकं बाहेर न काढताच म्हणाला. "आई गेल्यावर तिनेच वाढवलं. जर्मन मी तिच्या मांडीवर बसूनच शिकलो."

खात्रीने वळून पुन्हा एकदा त्या सूचनेकडे पाहिलं.

"वर्षभरापासून तिचे शब्द निसटतायत. बाकी सगळं ठीक आहे. शिकवायला लागली की अजून कुणी हात धरणार नाही तिचा. पण मधेच एखादी पायरी गायब होते. ही तुकडी पूर्ण करते आणि थांबते, असं ठरलंय आमचं. डॉक्टरांनी सांगितलं, कधी अडते, किती वेळ, ते लिहून ठेव. म्हणून ती वही."

"मग सरळ उत्तर का नाही सांगत? चुकायचं कशाला?"

"सांगून पाहिलं. उत्तर सांगितलं की ती घाबरते. आपल्याला आठवलं नाही, हे तिला कळतं ना. पण चूक ऐकली..." त्याने तारांतून डोकं बाहेर काढलं. "सत्तावीस वर्षं चुका दुरुस्त केल्यायत तिने. चूक कानावर पडली की तोंडून बरोबर ते निघतंच. अडली की फक्त तिला ऐकू जाईल असं चुकायचं."

"मला वाटलं... तुम्ही एजंट..." डोळे भरून आले आणि ते पुसायला हात मात्र उठेना. "मी हात दाखवून अवलक्षण केलं हो. आणि तेही बाईंच्या नशिबी."

ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. शंका तुमची बरोबर होती. माणूस चुकला, एवढंच." आणि पुन्हा तारांमध्ये डोकं घातलं.

शुक्रवारी संचालक शेवटच्या बाकावर, लिफ्टवाल्याच्या जुन्या जागेवर येऊन बसले. पुढ्यात नावांची यादी, हातात लाल पेन. बाईंची इस्त्री नेहमीपेक्षा कडक होती. समोर बोळात लिफ्टच्या दाराशी तो वाकून तेल घालत होता. ज्या दाराला परवाच तेल घातलं होतं त्यालाच. वर्गाच्या दाराच्या काचेतून खात्रीला त्याची पाठ दिसत होती.

"आजचं क्रियापद," बाईंनी फळा आखला, "फेरगेसन. अर्थ — विसरणं."

खात्रीने फळ्यावरचा शब्द पुन्हा वाचला. एवढी क्रियापदं असताना हेच? पण बाई ठणठणीत होत्या. इश फेरगेसे. डू फेरगिस्ट. एर फेरगिस्ट. मी, तू, तो. "तू आणि तो आला की मधला स्वर बदलतो, बाकीचे आपापल्या जागी गपगुमान." फळ्याचा पहिला भाग भरला, दुसऱ्यात खडू आला. भूतकाळ.

खडू थांबला.

एक. दोन. तीन. खात्री सेकंद मोजत होती. काचेतून दिसणारी पाठ सरळ झाली. चार. पाच. तो वळला, काचेपलीकडे त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सहा. मागे संचालकांनी पेनाचं टोपण काढल्याचा आवाज झाला.

खात्रीला उत्तर येत होतं. जिभेवर तयार होतं. शाळेपासून आजपर्यंत तिने येत असलेलं उत्तर कधी चुकवलं नव्हतं, मुद्दाम तर नाहीच नाही. तिकडचं इस्पितळ, ताईची वाया गेलेली वर्षं, पहिली यादी... सगळं त्या लाल पेनाच्या टोकावर बसलं होतं. तिने हात वर केला.

"बाई, फेरगेस्टे."

"काय?"

"फेरगेस्टे," खात्री मोठ्याने म्हणाली. कान लाल झाले, पण आवाज हलला नाही.

बाई वळल्या. डोळ्यांत आधी धुकं होतं... मग भुवई चढली, मान ताठ झाली.

"आठ आठवडे झाले आणि तू मला फेरगेस्टे सांगतेस? पुढच्या बाकावर बसून? फेरगास! इश फेरगास!"

"आणि तिसरं रूप गेफेरगेसन ना, बाई?" एकदा सुटलीच आहे तर ती कशाला थांबते!

"अगं, गे कुठून आणलास? फेरगेसन! पहिलं रूप तेच तिसरं. फिरून आपल्या घरी येणारं क्रियापद आहे हे. फेरगेसन, फेरगास, फेरगेसन. वीसदा लिही!"

मग काय विचारता! बाईंची गाडी जी सुटली ती थांबली नाही. मी छत्री विसरले — इश हाबे डेन शिर्म फेरगेसन. फोन करायला विसरणं, नाव विसरणं. "आणि 'झिश' जोडलंत तर अर्थ होतो स्वतःलाच विसरणं. माणसाचा तोल सुटतो, भान हरपतं, तेव्हा हे वापरायचं." हे सांगताना त्या खात्रीकडे बघत होत्या का काचेकडे, ते खात्रीला कळलं नाही. तिने मान खाली घालून वीसदा लिहायला घेतलं होतं.

जाताना संचालक म्हणाले, "पद्धत जुनी आहे, पण पकड आहे. ही तुकडी तुम्हीच पूर्ण करा." आणि यादीवर खात्रीच्या नावापुढे लाल खूण करून म्हणाले, "ह्यांचा भूतकाळ कच्चा आहे. ह्यांना पुढच्या यादीत घेऊ. तीन महिन्यांनी."

तीन महिने. तिकडचं इस्पितळ थांबेल का, ताईला काय सांगायचं, काहीच तिला सुचेना. रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. वर्ग रिकामा झाला तरी ती बाकावरच बसून होती. तो आत आला आणि फळ्यापाशी उभा राहिला. बाई पिशवी आवरत होत्या.

"बस रे," त्या म्हणाल्या. "आणि तू पण ऐक गं. मी विसरते, पण मी मूर्ख नाही. हा कधी चुकतो आणि का चुकतो, ते मला पहिल्या दिवसापासून कळतंय. आज तुझंही कळलं. तुला आणि गेफेरगेसन? सबंध वर्गात तुझ्याइतकं पाठांतर कुणाचं नाही." त्यांनी खात्रीच्या डोक्यावर हात ठेवला. "सोमवारी मी संचालकांकडे जाणार आहे. सांगणार आहे सगळं."

"नको बाई!" खात्री उठलीच. "तुकडी पूर्ण होऊ दे. मी थांबेन तीन महिने. माझी चूक होती, मला भरू द्या."

बाईंनी पिशवी खांद्याला लावली. "बघू," त्या म्हणाल्या, आणि दारापर्यंत जाऊन वळल्या. "एक मात्र सांगते. हा शेवटच्या बाकावरूनही मला चांगला ऐकू यायचा. चौथ्या आठवड्यात बाक बदलला तो काही माझ्यासाठी नाही. हे तेवढं मी विसरायच्या आत सांगून ठेवते."

त्या गेल्या. लिफ्टवाल्याचे कान आता तिच्यापेक्षा लाल झाले होते.

"हे खरं?" खात्रीने विचारलं.

"तुम्ही मावशीचं काय मनावर घेता? तिला हल्ली—"

"पुरावा दाखवा."

"कसला?"

तिने हात पुढे केला. त्याने एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग खिशातून निळी वही काढून तिच्या हातावर ठेवली आणि पळून जावं तसा फळा पुसायला लागला.

पहिल्या पानांवर सुबक अक्षर होतं. मंगळवार, नेमन, सात सेकंद, सावरली. शुक्रवार, अमुक क्रियापद, पाच सेकंद, सावरली. खात्री सवयीने बोट फिरवत खाली गेली. चौथ्या आठवड्यानंतर नोंदी बिघडत गेल्या होत्या. गुरुवार, बहुतेक चार सेकंद, नीट पाहिलं नाही, पुढच्या बाकावर वेणी सुटली होती. शुक्रवार, किती सेकंद कळलं नाही, तिने मागे वळून संशयाने पाहिलं. आणि मग एक मंगळवार. क्रियापदाची जागा रिकामी, सेकंदांची रिकामी. फक्त एवढंच — ती हसली. मोजायला विसरलो.

तिने ते पान तीनदा वाचलं. सहा वर्षांत इतकी ढिसाळ नोंद तिने पाहिली नव्हती, आणि इतकी खरीही नव्हती पाहिली.

"हे डॉक्टरांना दाखवलंत?" तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही.

"दाखवलं. ते म्हणाले, तुमचाही इलाज बघायला हवा."

"मी तीन महिन्यांनी जाणार आहे. जायचंच आहे मला. ताईसाठी, आणि माझ्यासाठीही."

"जा ना." डस्टर हातात घेऊन तो वळला. शर्टभर खडूची पूड होती. "मी मावशीला सोडून येणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण लिफ्ट तिकडेही बंद पडतात. कधीतरी..."

"कधीतरीचं कधीतरी तपासू," खात्री म्हणाली. "आधी आजचं."

तिने पेन काढलं. त्या मंगळवारच्या ओळीपुढे, समासात, तिने लिहिलं — तपासलं. खाली तारीख घातली आणि पूर्ण सही केली, रजिस्टरात करते तशीच, एक अक्षरही न गाळता. मग वही त्याला परत दिली.

"हे काय?" त्याने विचारलं.

"दुसरी सही," ती म्हणाली. "ती असल्याशिवाय नोंद खरी धरत नाहीत."

बाहेर पाऊस वाढला होता. ती दाराशी आली, जिन्याकडे वळली, थांबली, आणि लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिली. तो मागोमाग आला, पण आत शिरता शिरता घुटमळला... हात ग्रीसने आणि खडूने माखलेले. तिने छत्री डाव्या हातात घेतली आणि उजवा हात, नुसता हात, त्याच्यापुढे धरला.

"ये ना आत," ती म्हणाली. "का ओळखपत्र मागू?"